खिडकी क्रमांक दोन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
इथे पायऱ्या तीनच.
नोव्हेंबर ते एप्रिल आर्वो त्यांच्यावर मीठ पसरतो,
तरी वर्षाकाठी एखादा घसरतोच
आणि लंगडत आत येऊन विचारतो,
कंबरेच्या एक्स-रेचे पैसे मागायचे कुणाकडे.

मिशिगनचा हा वरचा तुकडा,
सरोवरात पाय सोडून बसलेला.
एकतीस वर्षं मी या काचेमागे.
काचेवर चिकटवलेला कागद आता पिवळा पडलाय:
'कर्मचारी कायद्याचा सल्ला देऊ शकत नाहीत.'
लोक तो वाचतात, मान डोलावतात
आणि सल्ला विचारतात.

वेन कॉस्केलाच्या ट्रकवर हरीण आलं.
बंपर गेला, एक दिवा गेला.
विम्याचं त्याला काही विचारायचं नव्हतं.
मांस कुणाचं? सरकारचं,
की ज्याचा दिवा फुटला त्याचं?
आणि जरा लवकर सांगा,
ते मागे ट्रकमध्येच आहे.

डोलोरेस लाबीनचा घरमालक
डिपॉझिटमधून गालिच्याचे पैसे कापतो.
तिने गालिच्याचाच तुकडा कापून आणला, प्लास्टिकच्या पिशवीत.
म्हणाली, वास घ्या,
हा माझ्या मांजराचा
की आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याचा?
मी वास घेतला.
मत दिलं नाही.

शेजारी त्याचा बर्फ माझ्या दारात ढकलतो.
त्याच्या सफरचंदाची फांदी माझ्या अंगणात;
फळं कुणाची ते माहीत आहे हो,
कुजलेली कुणाची?
नवऱ्याची राख सरोवरात सोडायला परवाना लागतो का,
आणि सरोवर गोठलेलं असेल तर?

आयली निएमी, वय एक्याऐंशी.
अडुसष्ट साली नवऱ्याने बांधलेली सौना
नव्या मोजणीत चार फूट
शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली.
शेजारी शिकागोचा, उन्हाळ्यापुरता.
तिने नकाशा उलटा धरला होता,
मी सरळ करून दिला. एवढं नियमात बसतं.
बराच वेळ बोट फिरवत राहिली,
मग म्हणाली,
चूल रेघेच्या अलीकडे, बाक पलीकडे.
म्हणजे ऊब माझी
आणि बसायची जागा त्याची.

मी फॉर्म देते. फॉर्म देणं म्हणजे सल्ला नव्हे.
कधी हातातून पेन्सिल निसटते
आणि नेमक्या रकान्यापाशी
बारीकशी फुली उमटते.
पेन्सिलीला हा नियम लागू नाही
असं मी धरून चालते.

शुक्रवारी पावणेपाचला
मी कोट चढवला, मागच्या दाराने निघाले,
इमारतीला वळसा घालून तीन पायऱ्या चढले
आणि खिडकी क्रमांक दोनसमोर उभी राहिले.
आत कोडी. नवा पोरगा, रुजू होऊन सहा आठवडे.
म्हटलं, एका माणसाचा ट्रक माझ्या अंगणात आहे.
कागदावर नाव त्याचं. माझ्या भावाचं.
नऊ वर्षांपूर्वी 'आलोच' म्हणून गेला.
दर रविवारी मी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते,
बॅटरी मरू नये म्हणून.
आता विकायचा म्हटलं
तर आधी त्याला कुणीतरी मेलेला ठरवायला हवं.
ते कोण ठरवतं?
आणि ठरवल्यावर तो आला
तर दंड कुणाला?

कोडी काचेवरच्या कागदाकडे बघू लागला,
त्याच्या बाजूने नुसती उलटी अक्षरं.
मग वाकून खालच्या खणात शोधायला लागला.
वरून तिसरा गठ्ठा, मी म्हटलं,
निळी कडा.
चार पानं निघाली.
त्याने पेन्सिल उचलली
आणि धरूनच राहिला.

बाहेर आर्वो मीठ टाकत होता.
मी म्हटलं, राहू दे,
सोमवारी बघू.
फी तेवढी सांगून ठेव.